माझा मणका आणि प्रज्ञाची बस

डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे," आणि मी हसले.

खोटं सांगत नाही. बेळगावच्या त्या दवाखान्यात एमआरआयचं भलंमोठं पाकीट मांडीवर घेऊन, तोंडाला पदर लावून हसले. आठ महिने पाठ दुखत होती. वजन उतरत चाललेलं, रोज संध्याकाळी अंगात कणकण. मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं की हा कॅन्सर. आता टीबी म्हटल्यावर मला वाटलं, सुटले! टीबीला गोळ्या असतात, एवढं मला ठाऊक होतं.

"हसताय काय बाई?" डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, पण आवाज कडक. "मणक्याचा टीबी आहे हा. दोन मणके पोखरलेत. औषधानं बरं होणार, ते माझ्यावर सोडा. पण तीन महिने पाठीवर झोपायचं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, उठायचं नाही. ऐकलं नाही तर पाय जातील."

मग मात्र माझं हसू गेलं. तोंडातून पहिला शब्द निघाला तो म्हणजे, "आणि प्रज्ञाचं कोण करणार?"

"प्रज्ञा कोण?"

प्रज्ञाच्या पप्पांनी दाराबाहेर बोट दाखवलं. आमची एकुलती एक लेक बाकावर पाय हलवत बसली होती आणि झाडू मारणाऱ्या मावशींना तिसऱ्यांदा त्यांचं नाव विचारत होती. वय एकोणीस. डाउन सिंड्रोम.

प्रज्ञाच्या विशेष शाळेतल्या शैला टीचर मला म्हणाल्या, "मंगल, हे लिही. आपल्या शाळेतल्या आयांना उपयोग होईल." मी म्हटलं, मी दहावी झालेली बाई, ब्लाउज शिवते, मला काय लिहायला येतंय? त्या म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. तर हे बोलणंच समजा.

नोकरी कुणाला लागली?

आमचं घर बोरगावला. प्रज्ञाचे पप्पा चिकोडीला ऑफिसात क्लार्क. ती जन्मली तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांनीच हे नाव ठेवलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, नाव तेवढं बदला, ऐकून माणसं हसतात. पप्पा म्हणाले, हसू देत. तेवढ्यापुरतं मला त्या माणसाचं लई कौतुक आहे.

निपाणीच्या विशेष शाळेत ती बारा वर्षं होती. अठरा पुरी झाली आणि शाळा संपली. बाकीच्या आयांना पोरं कॉलेजला गेल्याचा आनंद, आम्हाला पुढं काय ही काळजी. शाळेतून घरी आलेली मोठी पोरं मी बघितली होती. वर्षभरात टीव्हीसमोर बसून जाड होतात, चिडचिडी होतात, शिकलेलं सगळं विसरतात. शैला टीचर तसं होऊ द्यायच्या नव्हत्या. त्यांनी निपाणीतल्या एका बेकरीत शब्द टाकला. खारी आणि टोस्ट पुड्यात भरायचं काम. प्रज्ञाला दहाच्या पुढं मोजता येत नाही, म्हणून बेकरीच्या मालकांनी पत्र्याचा एक डबा दिला. डबा काठोकाठ भरला की तो पुड्यात ओतायचा, संपलं! एक खारी मोडायची नाही तिच्या हातून.

आता माझं ऐका. मी रोज तिला बसनं घेऊन जायची आणि दिवसभर बेकरीच्या दारातल्या स्टुलावर बसायची. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना हूक लावत. तिला तहान लागली की पाणी मी द्यायची, मालकांनी काही विचारलं की उत्तर मी द्यायची. तिचं बोलणं जरा अस्पष्ट आहे ना, म्हणून. एक दिवस शैला टीचर येऊन बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "मंगल, नोकरी नक्की कुणाला लागलीया?"

मला राग आला. आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. सांगते तेवढं खरं सांगते.

वॉर्डातले दिवस

पंधरा दिवस बेळगावला होते. पहाटे साडेपाचला फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. कुणी सांगितलं नव्हतं, मी पहिल्या दिवशी बेडपॅन बघून किंचाळले आणि सिस्टरांनी माझीच हजेरी घेतली. कूस बदलायला तिघीजणी लागायच्या. "वन, टू, तीन" म्हणत मला एका दमात फिरवायच्या. वॉर्डातली एक आया दुपारी कॉटजवळ येऊन हमखास विचारायची, "ऊटा आयता, आक्का?" जेवलीस का, एवढंच. पण ते ऐकून मला रडू यायचं.

शेजारच्या कॉटवर उचगावच्या एक आज्जी होत्या, पाय मोडलेल्या. रविवारी पप्पा प्रज्ञाला घेऊन आले, तेव्हा आज्जींनी तिला नीट न्याहाळलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "तुझ्यामागं हिला कोण हाय गं?"

हा प्रश्न लोक आमच्या पाठीमागं बोलतात. आज्जींनी तोंडावर विचारला. मी म्हटलं, "मी मरायची न्हाय, आज्जी. मला मरून चालायचंच न्हाय."

"मरायचं काय कुणी ठरवतंय व्हय?" त्या म्हणाल्या आणि बिस्किटाचा पुडा फोडला.

त्या दिवसापासून मला खरी भीती वाटायला लागली. आजाराची नाही. मी मेले तर काय, आणि पाय गेले, जगले, पण कॉटवर पडून राहिले तर काय, हीच भीती. तिच्या वेण्या मी घालते, तिच्या वतीनं मी बोलते. माझ्याशिवाय तिचा एक दिवस गेलेला मला माहीत नव्हता.

घरी, पाठीवर

घरी आले तर दारातच प्रज्ञाच्या कामाचा वाद. चिकोडीच्या आक्का, म्हणजे माझी नणंद, मदतीला आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, "पोरीचं काम बंद करा. तुझं दुखणं तसलं, तिचं तसलं. लोकांस्नी कशाला दाखवायचं?" पप्पांचंही मन तिकडंच झुकलेलं. पण माझ्या मागं दवाखान्याच्या पंधरा दिवसांत प्रज्ञा कामावर जात होती! सकाळी पप्पा चिकोडीला जाताना तिला बेकरीत सोडत. चारला काम संपलं की तिथं पुडे सील करणारी शबाना तिला निपाणी स्टँडवर आणून बसमध्ये बसवायची. इकडं आमच्या स्टॉपवर ती आपली आपण उतरायची. मी दारातल्या स्टुलावर नव्हते, तरी बेकरी चालली होती. याचं बरं वाटायला हवं होतं. मला वाईटच वाटलं.

पहिले काही दिवस मी लई छळलं सगळ्यांना. पडल्या पडल्या हुकूम सोडायची. "प्रज्ञा, चपला नीट ठेव. प्रज्ञा, कुकरची शिट्टी मोज. अगं, तो डबा न्हाय, दुसरा!" ती एकदा कॉटजवळ आली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आई, गप." आणि गेली. आक्का फिसकन हसल्या. आठ दिवस राहून भाकऱ्या थापून त्या चिकोडीला परत गेल्या. त्यांच्या तोंडाला लागू नये, पण त्या आठ दिवसांचे उपकार आहेत माझ्यावर.

मग संध्याकाळी प्रज्ञा माझे केस विंचरायला लागली. एकोणीस वर्षं मी विंचरले तिचे. ती हळू विंचरायची, गुंता आला की थांबायची, "दुखलं?" म्हणून विचारायची. मी कधी विचारलं होतं?

'ब'ची गोष्ट

शबाना कायमची पुरायची नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, पोरीला बसची पाटी ओळखायला शिकवायची. निपाणी स्टँडवर आपल्या बाजूच्या, म्हणजे कर्नाटकच्या, गाड्यांवर कन्नड पाट्या. मला कन्नड वाचता येतं, त्याचा मला भारी अभिमान. ब्लाउजच्या कटिंगच्या कागदावर पडल्या पडल्या खडूनं कन्नड 'ब' काढला. मोठा, पोट गोल. म्हटलं, "बोरगावचा ब. हा पाटीवर पहिला दिसला की चढायचं." पंधरा दिवस घोकून घेतलं. वर्तमानपत्रातले ब, पिठाच्या पिशवीवरचे ब, तिनं सगळे शोधून काढले. मी खूश.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

आमच्या भागात एवढी वर्षं पाटी मराठीत हवी की कन्नडात, यावर माणसं भांडतात. पण कुठल्याही लिपीत लिहा, बेळगावचा पहिला 'ब' तोच. आणि निपाणीहून बेळगावला दहा-दहा मिनिटांनी गाडी!

शबानाच्या भावाचं लग्न होतं, त्या दिवशी ती आली नव्हती. पाचला आमच्या दारात चपला वाजतात. पाच झाले, साडेपाच झाले. बेकरीत फोन केला. मालक म्हणाले, पोरगी चारला गेली. पप्पांचा फोन लागेना. ते चिकोडीच्या गाडीत असणार. सहा वाजले. मी छताकडं बघत मोठमोठ्यानं तिला हाका मारत होते, रिकाम्या घरात. तिच्या गळ्यात मी कार्ड अडकवलं होतं, त्यावर माझा नंबर. हरवलीस तर खाकी कपड्यातल्या माणसाला दाखव, असं सांगून ठेवलेलं. फोन छातीवर धरून बसले, म्हणजे पडले. वाजेना.

मग मी कुशीवर वळले आणि एक पाय खाली ठेवला. फरशी गार लागली. पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. पाय गेले तर जाऊ देत, असं आई म्हणते म्हणतात. मी नाही म्हटलं. मला माझ्या पायांची भीती वाटली, आणि त्या भीतीची लाज वाटली. पाय परत वर घेतला आणि रडत पडले.

पावणेसातला चपला वाजल्या. प्रज्ञा आत आली, हातपाय धुतले, आणि विचारलं, "च्या ठेवू?"

"कुठं मेलतीस गं!" मी ओरडले. "कुठं गेलतीस?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "घाट लागला."

तीन तिकिटं आणि एक पिशवी

सगळी हकीकत पप्पा आल्यावर उलगडली. आमच्याकडं साध्या गाड्यांत बायकांना बस फुकट, पण आधार दाखवून तिकीट घ्यावं लागतं. तिच्या पिशवीतून तीन तिकिटं निघाली. पप्पांनी ती माझ्या पांघरुणावर ओळीनं मांडली आणि वाचली. निपाणी ते बेळगाव. संकेश्वर ते निपाणी. निपाणी ते बोरगाव. शिवाय एक कोरी प्लास्टिकची पिशवी.

झालं होतं असं. 'ब' बघून ती बेळगावच्या गाडीत चढली. कंडक्टरनं विचारलं, कुठं? ती म्हणाली, बोरगाव. तिच्या तोंडून तो 'र' नीट निघत नाही. कंडक्टरला ऐकू आलं बेळगाव. त्याची काय चूक? तिचं बोलणं लोकांना कळावं म्हणून मी कधी तिला बोलूच दिलं नव्हतं, मधे मीच बोलत आले.

गाडी तवंदीच्या घाटाला लागली. आमच्या बोरगावच्या वाटेला दोन्ही बाजूला ऊस, सगळं सपाट. घाट कुठला आला? प्रज्ञा उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली, "घाट लागला! घाट लागला!" कंडक्टरला वाटलं, पोरीला गाडी लागली. त्या भल्या माणसानं खिडकीची जागा करून दिली आणि हातात प्लास्टिकची पिशवी ठेवली.

हे ऐकून पप्पा हसायला लागले. मी पण. हसताना पाठ इतकी दुखली की "थांबा, थांबा" म्हणत हसत होते.

संकेश्वरला ती उतरली. पाट्यांकडं तिनं बघितलंच नाही. कंडक्टर गाडीच्या दारात उभा राहून ओरडतात ना, "निप्पाणी, निप्पाणी, कोल्हापूर," ते ऐकलं आणि चढली. निपाणीला पुन्हा तेच. बोरगावची हाळी येईपर्यंत बाकावर बसून राहिली.

मी विचारलं, "अगं पण कार्ड का दाखवलं न्हाईस? मला फोन आला असता की."

"तू उठली असतीस," प्रज्ञा म्हणाली. "डॉक्टर वरडले न्हायत व्हय? उठायचं न्हाय."

पप्पा उठून बाहेर गेले. ते रडताना कुणाला दिसू देत नाहीत. मी तिचा हात धरून ठेवला. एक पाय खाली ठेवला होता, ते तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

भांडण

पप्पा आत आले ते ठरवूनच. "उद्यापासनं बेकरी बंद. आज घाट कळला, उद्या न्हाय कळला तर? कुणी हात धरून नेली तर?"

सहा महिन्यांपूर्वी हेच मी म्हटलं असतं, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. आणि भीती त्यांची खोटी नव्हती, ती मला आजही आहे. पण मी म्हटलं, "ती चुकली न्हाय. मी चुकले. अक्षर मी शिकवलं. ती तर माझी चूक निस्तरून घरी आली."

"आणि परत चुकली तर?"

"तुम्ही कधी चुकीच्या गाडीत बसला न्हाय?"

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं मिरजेला जाताना भलत्याच गाडीत बसलो होतो. तरी भांडण संपलं नाही. आक्कांचाही फोन आला. एवढा वेळ प्रज्ञा दारात उभी राहून या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "मी उद्या जातो. खारी हाय उद्या." आणि डबा घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. संध्याकाळी पाचला चपला वाजेपर्यंत मी घड्याळावरची नजर काढली नाही.

शैला टीचर आल्या, 'ब'ची गोष्ट ऐकून डोळे पुसत हसल्या, आणि मग म्हणाल्या, "मंगल, ती वाचून चुकली आणि ऐकून परत आली. आपण दोघी तिचे डोळे शिकवत बसलो, तिचा कान तयार होता." मग आम्ही कानाच्या मागं लागलो. हाळी ऐकायची, आणि चढण्याआधी ड्रायव्हरला विचारायचं, "बोरगाव काय?" त्यासाठी तो 'र'. रोज संध्याकाळी ती माझे केस विंचरताना दहा वेळा, "बो-र-गाव." कधी यायचा, कधी पळायचा. नाही कळलं तर पुन्हा सांगायचं, समोरचा समजेपर्यंत सांगायचं. आणि बाईशेजारीच बसायचं. हे सगळं मी पाठीवर झोपून शिकवलं. उठता आलं असतं तर मीच तिला आणायला गेले असते, मला मी चांगली ओळखते.

उठले

तीन महिन्यांनी पट्टा बांधून डॉक्टरांनी मला बसवलं. खोली गरगर फिरली. पाय माझे होते, चालत होते. मी डॉक्टरांच्या पाया पडायला निघाले तर ओरडले, "वाकायचं नाही!"

गोळ्या पुढं वर्षभर चालल्या. भूक आली, अंग भरलं, मशीनवर बसायला लागले. प्रज्ञाला अजून सुटे पैसे कळत नाहीत. ताप आला तर सांगत नाही. मनाविरुद्ध झालं की दोन दिवस फुगते. माझ्यामागं तिचं सगळं होईल, असं मी म्हणणार नाही. पण काहीच होणार नाही, असं आता मला वाटत नाही. झोप लागते. इतकी वर्षं मी अर्ध्या झोपेत जगत होते, ते आत्ता कळलं.

मागच्या महिन्यात शेवटची तपासणी होती. आदल्या दिवशी मी सवयीनं म्हटलं, "प्रज्ञा, उद्या बेळगावला जायचंय, तुझा निळा ड्रेस काढून ठेव." दवाखान्याचे पंधरा दिवस सोडले तर ती जन्मल्यापासून मी लग्नाला, मयताला, बाजाराला, कुठंही तिला सोडून गेलेली नाही.

ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मला सुट्टी न्हाय. तू जाऊन ये की."

गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरून बघितले आणि गोळ्या बंद केल्या. "मोकळ्या झालात," म्हणाले. परत येताना खिडकीपाशी बसले होते. हात सारखा शेजारी जात होता, तिची ओढणी खिडकीत अडकते का बघायला. शेजारी हुक्केरीच्या कुणी बाई होत्या. घाट उतरताना त्यांनी विचारलं, "एकट्याच काय, आक्का?"

"व्हय," मी म्हटलं. "पोरगी कामाला गेलीया."